कारणाचा रिकामा रकाना

आमचा कॉम्प्युटर बंद पडायचा तेव्हा काही आवाज यायचा नाही. उलट असलेला आवाज जायचा. टेबलाखालच्या सीपीयूची घरघर मध्येच थांबायची, पडदा काळा व्हायचा आणि त्या काळ्या काचेत मला माझाच चेहरा दिसायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी बाबांच्या उत्तराचं दुसरं पान टाइप करत होते. मंगळवारची संध्याकाळ होती. डोक्यावर ट्यूबलाइट जळत होती, पंखा फिरत होता, शेजारच्या क्वार्टरमधून टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. फक्त आमचा कॉम्प्युटर गेला होता.

"लाइट गेली का गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्याच दुपारी बाबांच्या हातात कारखान्याची चार्जशीट पडली होती.

आम्ही तेव्हा महाराष्ट्राबाहेर, हिंदी मुलखात, पिपलानीत राहत होतो, कारखान्याने दिलेल्या क्वार्टरमध्ये. मी बारावीला होते. बाबा कारखान्यात स्विचगियरच्या देखभालीला होते, म्हणजे मोठमोठ्या विजेच्या पॅनेलांची तपासणी आणि दुरुस्ती. घरी येताना ते गेटवर वाटली गेलेली पत्रकं आणायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर हिंदी वाचायला शिकले. शेजारचे काका सगळ्यांना सांगायचे की या पोरीला 'शाळा' लिहिता यायच्या आधी 'शोषण' वाचता येत होतं. काका मूळचे इंदूरचे, बाबांना तिकडच्या पद्धतीने 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायचे. कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर होऊन आता मुलाच्या नावावरच्या क्वार्टरमध्ये राहत होते आणि सायक्लोस्टाइलच्या दिवसांपासून युनियनची पत्रकं तेच लिहीत आले होते. त्यांचं पाहून मीही पत्रकं लिहायला लागले होते, म्हणून मला ते 'लीडर' म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, पण मला ते खरंच वाटायचं.

चार्जशीट कशाची होती ते सांगायला हवं. कारखान्यात नियम असा, की पॅनेलवर माणूस काम करत असेल तर त्याच्या स्विचला लाल टॅग लावायचा. 'काम चालू आहे, स्विच लावू नये.' खाली नाव आणि सही. टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा, दुसऱ्या कोणी नाही, साहेबानेही नाही. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात बाबांनी एक टॅग लावला होता, कारण पॅनेलच्या पोटात ठेकेदाराचा एक कामगार सफाई करत होता. साहेब आले, म्हणाले काम अडलंय, टॅग काढा. बाबा म्हणाले आत माणूस आहे. साहेब म्हणाले आत कोणी नाही, मला सुपरवायझरने सांगितलंय. बाबांनी टॅग काढला नाही. थोड्या वेळाने तो माणूस पॅनेलच्या मागच्या बाजूने बाहेर आला, अंगभर धूळ, आणि काय चाललंय ते त्याला समजेना.

यावर चार्जशीट! हुकूम मोडला, उत्पादन थांबवलं. सात दिवसांत लेखी उत्तर द्या, पुढच्या मंगळवारी पाच वाजेपर्यंत. नाही दिलं तर तुम्हाला काही म्हणायचं नाही असं धरून पुढची कारवाई. पुढची कारवाई म्हणजे काय, हे कॉलनीत कोणाला समजवावं लागत नव्हतं. नोकरी गेली की क्वार्टर जातं. आईने त्याच संध्याकाळी माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या. दिवाळीची साफसफाई, म्हणाली. पण मी पाहत होते. ती वस्तूंचे दोन ढीग करत होती, एक इथेच टाकून द्यायचा आणि एक बरोबर न्यायचा.

तो कामगार बाबांना म्हणाला होता, "मेरा नाम डाल दीजिए साहब, मैं अंदर था तो था." त्याने आपलं म्हणणं सहीनिशी लिहून दिलं होतं. ते उत्तराला जोडायचं होतं. त्यामुळे उत्तर बाहेर टाइप करायला देण्याचा प्रश्नच नव्हता. टायपिंगची दुकानं मेन गेटसमोर, तिथे दिवसभर कारखान्यातली निम्मी माणसं चहा पीत बसलेली. उत्तर पोचायच्या आधी त्या माणसाचं नाव पोचलं असतं आणि सकाळी त्याचा गेटपास काढून घेतला असता. हाताने लिहायचं तर काकांना ते मंजूर नव्हतं. "पंधरा पानं, तीन प्रती, भिया. एका प्रतीत एक शब्द इकडचा तिकडे झाला की ते त्याच्यावरच लटकून बसतील." आमच्याकडे कॉम्प्युटर होता, प्रिंटर होता, आणि मला हिंदी टायपिंग येत होतं. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला त्याचा किती अभिमान वाटला होता! आणि दुसऱ्याच पानावर पडदा काळा.

मी पुन्हा चालू केला. चार मिनिटांत गेला. पुन्हा चालू केला. तीन मिनिटं. चौथ्या वेळी फाइल उघडली तर पहिल्या पानावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन होते. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

"मी म्हटलं होतं," आई दारात उभी राहून म्हणाली. "खंडेनवमीला सगळ्या घराने हात जोडले. तू नाही जोडलेस."

"आई, प्लीज."

"प्लीज काय! नमस्कार करायला काय पत्रक काढावं लागतं?"

खंडेनवमीचं असं झालं होतं. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची. बाबांचे पाने, पक्कड, मीटर, आईची विळी, शिलाई मशीन, सगळं घासून पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल. दोन वर्षांपासून कॉम्प्युटरही त्यात आला होता. मी त्या वर्षी जाहीर केलं होतं की मी यंत्राला कुंकू लावणार नाही. यंत्र माणसाच्या श्रमाने चालतं, कुंकवाने नाही. बाबा हसले होते. "बरं, कुंकू नको लावू. मग श्रम कर. साफ तू करायचंस." आणि मी केलं होतं. सीपीयूची बाजूची पत्री काढून, आतला कण न् कण, बाबा कारखान्यात करतात तसं.

बाबांनी त्या मंगळवारी मीटर आणला, प्लगमधलं व्होल्टेज पाहिलं, बरोबर होतं. यूपीएस बाजूला करून थेट जोडणी केली, तरी बंद. वायर बदलली, तरी बंद. मग त्यांनी माझ्या वहीतलं एक पान घेतलं, पट्टीने रेघा मारल्या आणि रकाने पाडले. चालू केला ती वेळ. बंद पडला ती वेळ. किती मिनिटं. इतर काय दिसलं. कारण. सही. कारखान्यात प्रत्येक यंत्राशेजारी टांगलेलं असतं तसं लॉगशीट. ते त्यांनी कॉम्प्युटरच्या वर खिळ्याला अडकवलं.

"प्रत्येक वेळी भरायचं. विसरायचं नाही."

मी भरलं. शेवटी कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'मॅनेजमेंट.'

बाबांनी ते वाचलं आणि खोडरबर मागितलं.

"का खोडताय? नाहीतर चार्जशीट आली त्याच दिवशी कसा काय बंद पडला?"

"मला माहीत नाही."

"म्हणून तर!"

"माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा," ते म्हणाले आणि खोडत राहिले. कागद फाटेपर्यंत खोडलं त्यांनी. मला राग आला. माझ्या कुठल्याही पत्रकात कारणाचा रकाना कधी रिकामा नव्हता. काय झालं ते एक ओळ, कोणी केलं ते तीन पानं, असंच मी शिकले होते.

बुधवारी दुपारी मी शाळेतून आले तर आमच्या क्वार्टरमागच्या खांबाला शिडी लावलेली. कारखान्याच्याच वीज विभागाचा लाइनमन वर चढला होता. मी खिडकीच्या गजांना धरून उभी राहिले. तो आमच्या घराकडे जाणाऱ्या तारेलाच हात लावत होता. उतरल्यावर त्याने आमच्या खिडकीकडे पाहिलं. आता वाटतं, खिडकीत कोणी टक लावून उभं असेल तर कोणीही पाहील. पण तेव्हा मी झटकन मागे सरले. गुरुवारी तो परत आला.

मी काकांना सांगितलं. काकांचे डोळे चमकले. "लीडर, शाब्बास. आता समजलं. घरात घुसून तर काही करू शकत नाही, म्हणून खांबावरून चालू आहे त्यांचं."

"पण ट्यूबलाइट जात नाही, काका."

"अरे बेटा, झटका देत असतील. ट्यूबला कळत नाही, कॉम्प्युटर नाजूक असतो. आपण हे लिहायचं. असं लिहायचं की वाचणाऱ्याचा हात कापायला पाहिजे."

तो परिच्छेद मी लिहिला. सात ओळींचा. 'उत्तर देण्याच्या माझ्या अधिकारात अडथळा आणण्यासाठी माझ्या राहत्या घराच्या वीजपुरवठ्यात जाणूनबुजून छेडछाड केली जात आहे,' अशी त्याची सुरुवात होती, हिंदीत. लाइनमन कोणत्या दिवशी, किती वाजता आला, तेही त्यात होतं. बाबांच्या सगळ्या उत्तरात वेळ, स्विचचा क्रमांक, टॅगचा क्रमांक, एवढंच होतं. एकही विशेषण नव्हतं. माझा परिच्छेद त्यात लाल दिव्यासारखा दिसत होता.

शुक्रवारी संध्याकाळी काका आणि मी बाबांसमोर बसलो. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, मग मी भांडेन. बाबांनी ते दोनदा वाचलं. त्यांनी आईकडे पाहिलं. ती ट्रंकेत वर्तमानपत्राची घडी अंथरत होती. मग ते म्हणाले, "ठीक आहे. राहू दे."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मला त्या आठवड्यातली सगळ्यात जास्त भीती वाटली. साहेबासमोर टॅग न काढणारा माणूस, माहीत नसलेली गोष्ट कागदावर राहू दे म्हणत होता. म्हणजे तोही घाबरला होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि आता कोणाकडे पाहून धीर धरायचा ते मला समजेना.

काम थांबलं नव्हतं. आम्ही तुकड्यातुकड्यांनी टाइप करत होतो. बाबा घड्याळ धरून बसायचे, आठव्या मिनिटाला म्हणायचे, "सेव्ह कर." पान पुरं व्हायचं, नाही व्हायचं. शनिवारपर्यंत नऊ पानं झाली आणि लॉगशीटच्या दोन्ही बाजू भरल्या. कारणाचा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा.

शनिवारी शिफ्टवरून आल्यावर बाबांनी चहा घेतला नाही. खिळ्यावरचा कागद काढला आणि जमिनीवर पसरून बसले. पेन्सिलीने काही आकड्यांभोवती गोल केले.

"इकडे ये. हे बघ. सकाळी पहिल्यांदा लावला की किती चालतो?"

"चौदा मिनिटं. तेरा."

"संध्याकाळी पहिल्यांदा?"

"अकरा. दहा."

"बंद पडल्यावर लगेच लावला तर?"

"चार. तीन."

"आणि जेवून उठून लावला तर?"

"परत अकरा."

त्यांनी त्या आकड्यांवरून पुन्हा पेन्सिल फिरवली. मग म्हणाले, "खांबावरच्या माणसाला आपण कधी जेवायला बसतो ते कसं कळणार? हा गरम होतोय. गरम झाला की स्वतःला वाचवायला बंद होतोय. आपल्या पॅनेलसारखंच."

बोलता बोलता त्यांचा आवाज हलका झाला होता. आठवडाभरात पहिल्यांदा ते कशाबद्दल तरी खात्रीने बोलत होते. त्यांनी पत्री काढली. आतला पंखा फिरत होता, जोरात, स्वच्छ. मशीन बंद करून त्यांनी तो पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा, गार पट्ट्यापट्ट्यांचा, उचलून उलटा केला. त्याचा तळ आरशासारखा चमकत होता.

"बघ, काय सुंदर काम केलंयस तू," बाबा म्हणाले. "कॉन्टॅक्ट असा पाहिजे. मग गरम का होतोय हा?"

 मला तो तळ आठवला, खंडेनवमीच्या सकाळचा. तेव्हा तो चमकत नव्हता. त्यावर आणि खालच्या प्रोसेसरवर राखाडी रंगाचं काहीतरी लिंपलेलं, वाळलेलं होतं. मला ते मळ वाटलं. बाबांनी मला लहानपणापासून शिकवलं होतं की विजेच्या जोडणीत दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे काहीही असता कामा नये. कापूस, थिनर, मग शून्य नंबरचा पॉलिश पेपर. मी अर्धा तास घासलं होतं. काकांना बोलावून बाबांनी तो तळ दाखवला होता. काका म्हणाले होते, "यात तर मिशी पण कापता येईल." आईने त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवलं होतं. आणि त्यानंतर आम्ही कॉम्प्युटर लावला तो थेट त्या मंगळवारी.

रात्री मी अर्ध्या ताटावरून उठले. मला अजून नक्की माहीत नव्हतं. पण शरीराला कळलं होतं.

रविवारी सकाळी मी सायकल काढली आणि पिपलानीच्या बाजारात गेले. कॉम्प्युटरच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत एक माणूस कीबोर्ड उलटा करून झटकत होता. मी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरचं म्हणून सांगितलं. "मेरी एक सहेली है," अशी सुरुवात केली.

त्याने मध्येच थांबवलं. "पंखे के नीचे पेस्ट लगी थी, स्लेटी-सी? वो कहाँ गई?"

"साफ कर दी."

"काहे से?"

"थिनर से. और... पॉलिश पेपर से."

तो इतका हसला की कीबोर्ड हातातून खाली ठेवावा लागला. "किसी कारखाने वाले के घर की है न आपकी सहेली? दीदी, ये बिजली का नहीं, गर्मी का जोड़ है. वो पेस्ट ही तो गर्मी ऊपर पहुँचाती है. आपने, मतलब आपकी सहेली ने, चमका के मार डाला उसको." मग माझा चेहरा पाहून त्याने हसणं आवरलं. एका पिवळ्या ट्यूबमधून थोडी पेस्ट प्लास्टिकच्या तुकड्यावर काढून पुडी बांधून दिली. "मटर के दाने जितनी. बस. ज़्यादा नहीं. किसी को पता भी नहीं चलेगा."

किसी को पता भी नहीं चलेगा. सायकल हातात धरून चालत मी परत निघाले, आणि हे वाक्य माझ्याबरोबर चालत राहिलं. खरंच कोणाला कळलं नसतं. बाबा दुपारी झोपतात. पत्री काढायची, मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट, पत्री लावायची. कॉम्प्युटर चालला असता, उत्तर वेळेत गेलं असतं. माझ्या सात ओळीही गेल्या असत्या.

मग मी रस्त्यात थांबले. त्या सात ओळी. त्यांत एका माणसाचा वार आणि वेळ लिहिली होती. तो खांबावर कशाला चढला होता मला माहीत नव्हतं, आणि आता माझ्या कॉम्प्युटरशी त्याचा काही संबंध नव्हता हे माहीत होतं. चौकशीत साहेबांनी त्याला उभं केलं असतं, त्याने कामाची नोंद दाखवली असती, आणि मग त्यांनी बाबांना विचारलं असतं: तुमचं हे खोटं, तर पॅनेलमध्ये माणूस होता हे कशावरून खरं? बाबांची पंधरा पानं, त्या कामगाराची सही, सगळं माझ्या सात ओळींनी बुडालं असतं. हे दिसल्यावर मला इतकं घाबरायला झालं की मी एका क्वार्टरच्या कुंपणाशी सायकल टेकवून उभी राहिले. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमचा आठवडा मी घालवला? आईने ट्रंका भरल्या, तुम्ही काळजीत अर्धे झालात, आणि हे सगळं माझ्या पॉलिश पेपरने?

घरी बाबा आणि काका पलंगावर कच्चा मसुदा पसरून बसले होते. काका माझाच परिच्छेद मोठ्याने वाचत होते.

मी पुडी बाबांसमोर ठेवली.

"हे काय?"

"कॉम्प्युटरला लावायचं. ते आधी होतं, मी पुसून टाकलं." माझा आवाज चिरका निघाला. "खंडेनवमीला. मला मळ वाटला. दुकानदार म्हणाला त्याच्यामुळेच गरम होतो. लाइनमनने काही नाही केलं. कोणीच काही नाही केलं. मी केलं."

 आई ओल्या हातांनी दारात आली.

काकांनी सगळ्यात आधी तोंड उघडलं. "ठीक आहे ना. दुरुस्त होऊन जाईल. पण हा परिच्छेद राहू द्या, भिया. लाइनमन तर चढलाच होता ना खांबावर? हे तर खोटं नाही."

"काका, तो वेगळ्या कामाने..."

"बेटा, तू चूप. सगळ्या उत्तरात दम आहे तो ह्या एकाच जागी. बाकी सगळं काय, हा स्विच, तो नंबर. कोण वाचणार?"

बाबा पुडी उघडून पाहत होते. बोटाच्या टोकावर थोडं घेऊन चोळलं. ते माझ्यावर ओरडतील याची मी वाट पाहत होते. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी उठून खिळ्यावरचं लॉगशीट काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि आपलं पेन त्याच्यावर ठेवलं. पेन्सिल नाही, पेन.

"कारण," ते म्हणाले.

मी लिहिलं. 'पंख्याखालची पेस्ट साफसफाई करताना मी पुसून टाकली.' रकाना अरुंद होता, अक्षरं खाली उतरत गेली. पुढच्या रकान्यात सही केली. आयुष्यातली माझी ती पहिली सही असावी, जिची मला लाज वाटली.

"आता हा," बाबांनी मसुद्यातला परिच्छेद दाखवला. "तू लावलास. तू काढ."

मी त्या सात ओळींवर आडवी रेघ मारली. एकेक ओळ. काका उठले, चपला घातल्या. दारातून वळून म्हणाले, "बापलेक दोघं सारखे. तुम्हाला साहेब नाही, तुमचा खरेपणाच खाईल एक दिवस." पण संध्याकाळी ते परत आले, हातात तिखट शेवेची पुडी घेऊन, आणि उरलेल्या पानांतली माझी हिंदी त्यांनीच तपासली.

पेस्ट बाबांनी मलाच लावायला लावली. आत नीट दिसावं म्हणून त्यांनी बॅटरी धरली. मटाराचा दाणा. ठोकळा बसवला, दोन्ही बाजूंचे चाप लावले. मी बटण दाबलं आणि आम्ही चौघं त्या खोलीत घड्याळाकडे बघत बसलो. अकरा मिनिटं झाली. चौदा झाली. विसाव्या मिनिटाला आई म्हणाली, "आता तरी नमस्कार कर," आणि कोणीच हसलं नाही, कारण सगळेच अजून त्या घरघरीकडे कान लावून होते. ती थांबेल असं मला प्रत्येक ओळीला वाटत होतं. तासाभराने मी टाइप करत होते आणि माझी पाठ घामाने भिजली होती. ऑक्टोबर होता, पंखा चालू होता.

सोमवारी संध्याकाळी पंधरा पानं तीनदा छापली. मंगळवारी सकाळी बाबा स्कूटरवरून ती घेऊन गेले. मी शाळेत गेले नाही. आई आणि मी पुढच्या खोलीत बसून होतो. ती भाजी निवडत होती आणि निवडलेल्या देठांत परत पानं टाकत होती. मी लॉगशीट वाचत होते, पाठ होतं तरी. दुपारी स्कूटरचा आवाज आला. बाबांनी आवकचा शिक्का मारलेली प्रत टेबलावर ठेवली. तारीख, वेळ, क्लार्कची सही. शर्टाच्या कॉलरशी घामाचा पांढरा डाग होता.

"काही म्हणाले?" आईने विचारलं.

"क्लार्क म्हणाला, काही नवीन नाही का यात, नुसते नंबरच आहेत."

चौकशी हिवाळाभर चालली. त्या पानांतला एकही आकडा त्यांना चुकीचा ठरवता आला नाही. बाबांना लेखी समज देऊन सोडलं. टॅग न काढल्याबद्दल समज! त्याचा राग मला आजही येतो. ठेकेदाराच्या त्या कामगाराचा गेटपास मात्र मुदत संपल्यावर नवा करून दिला नाही. कारण विचारलं तर म्हणाले, कारण सांगायची गरज नाही. तो रकाना त्यांनीच रिकामा ठेवला. त्याच्यावर मी पत्रक लिहिलं, त्याच कॉम्प्युटरवर. तो किती वर्षं कामावर होता, कोणत्या दिवशी कुठे सही केली, त्यानंतर कोणत्या दिवशी गेटवर अडवलं, एवढंच लिहिलं. कोणी केलं, या ओळीपाशी येऊन माझी बोटं थांबली. तीच जुनी भीती होती, पडदा आता काळा होईल अशी. पंखा घरघरत होता. मी सायकल काढली आणि ते त्या कामगाराच्याच तोंडून ऐकायला निघाले.